मागच्या काचेवरची वाफ

सोमवार, १३ डिसेंबर १९९९. शिरूर.

आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नव्या नोकरीवर रुजू झालो. जागा मनास आली. मोटार-विक्रेत्यांची ही कार्यशाळा नगर रस्त्यालगत आहे. पाठीमागे बाभळी, पुढे उसाचे शेत, आणि फाटकासमोर एक टपरी, जिचा चहा साताऱ्याच्या चहाहून निःसंशय सरस आहे. माझे पद ग्राहक-तक्रार अधिकाऱ्याचे. वाणिज्य शाखेचा पदवीधर वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मोटारींच्या काचांवरील वाफेचा अभ्यास करू लागेल, असे कोणी म्हटले असते तर मी हसलो असतो. परंतु या हिवाळ्यात नोंदलेल्या एकोणीस तक्रारींपैकी अकरा एसी, हीटर आणि धुरकटणाऱ्या काचा यांविषयी आहेत. काम आवडेल असे वाटते.

मुख्य मिस्त्री हौसराव हा तोंडाळ, पण हाताचा पक्का. माझ्या खिशातील फूटपट्टी पाहून त्याने शेजारच्यास, मला ऐकू येईल इतक्या बेताने, सांगितले की देवस्थळी साहेब घामसुद्धा मोजून गाळणार. मला तो आवडला.

गुरुवार, १६ डिसेंबर.

निमोण्याचे बागाईतदार इंद्रजीत आज गाडी घेऊन आले. तक्रार अशी, की सकाळी न्हावऱ्याकडे जाताना मागची काच आतून धुरकटते. ब्लोअर पूर्ण सोडला तरी वाफ हटत नाही आणि हीटरचा दांडा ओढला की ओलसर गार वारा येतो. श्वासातील बाष्प थंड काचेवर कसे साचते, बाहेरची हवा आत घेणारी खटकी कोणती, हीटरबरोबर एसी का चालवावा, हे मी त्यांना पाव तास समजावले. त्यांनी अदबीने ऐकून घेतले. मग म्हणाले, "साहेब, ते समदं खरं. पण गाडीत मी एकटा असतो, आन् वाफ दोघांची असती."

मी "मालकास यंत्रणेच्या वापराची माहिती नव्हती, ती दिली" असा शेरा लिहून तक्रार बंद केली. एरवी कशावरही कोटी करणारा हौसराव या वेळी पाना शोधण्याच्या निमित्ताने निघून गेला.

मंगळवार, २१ डिसेंबर.

यवतच्या एका कापड व्यापाऱ्याची तीच तक्रार आली. त्यांनी क्रमही सांगितला. पहिल्या आठवड्यात मागची काच, नंतर मागच्या डाव्या दाराची, आणि आता पुढच्या डाव्या दाराची. मी गाडी पाहिली तेव्हा वाफ होती आणि तिच्यात चार इंच रुंदीची, अंडाकृती, पुसल्यासारखी एक जागा होती. बोटांचे ठसे नव्हते. भिंगातून पाहिले असता त्या जागेत कुंचल्याने ओढाव्यात तशा बारीक समांतर रेषा दिसल्या.

जुने कागद तपासले. अशी तक्रार असलेली प्रत्येक गाडी पूर्वी दुरुस्तीसाठी येऊन आमच्या शेडच्या टोकाच्या, म्हणजे चार नंबरच्या कोपऱ्यात उभी राहिलेली आहे. तेथे ओल असावी. खात्री करून घेण्यासाठी मी आजपासून नियम केला: काचांची तक्रार असलेली गाडी सर्व काचा व दारे बंद करून रात्रभर चार नंबरमध्ये ठेवायची, किल्ली माझ्याकडे, आणि सकाळी उघडण्यापूर्वी तपासणी. हौसराव म्हणाला, दुसरीकडे कुठेही लावा, तिथे नको. कारण विचारले तर बॉनेट उघडून आत वाकला. कारण न दिलेल्या हरकतीवरून मी नियम बदलत नाही.

सोमवार, २७ डिसेंबर.

चार गाड्या तपासल्या. चारही कोरड्या पुसून बंद केल्या होत्या. चारही सकाळी आतून पांढऱ्या. रिकाम्या गाडीतील हवेतही थोडे बाष्प असते, हे मान्य. म्हणून कापडाचे आधी वजन करून त्याने एका गाडीच्या काचा टिपल्या आणि पुन्हा वजन केले. नव्वद ग्रॅम पाणी निघाले. येथील शाळेच्या विज्ञान शिक्षकांना विचारता, इतके पाणी माणसाच्या पाच तासांच्या श्वासोच्छ्वासातून बाहेर पडते, असे ते म्हणाले. गाडीला ओल्या लोकरीचा वास येत होता.

रस्त्यापलीकडे चिंचेखाली एक धनगर बाई रोज चातीवर लोकर कातत बसते आणि आमच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीत वाकून पाहते. नाव झुंबरबाई. टपरीवाल्याने सांगितले, की तिचा नवरा तात्याबा गेल्या जानेवारीत मेंढरे घेऊन चालला असता न्हावऱ्याच्या रस्त्यावर कोणत्या तरी वाहनाखाली गेला. वाहन सापडले नाही. हौसरावाला विचारले. बाई खुळी झाली आहे, म्हणाला. पण माझ्याकडे न पाहता म्हणाला.

शनिवार, १ जानेवारी २०००.

अपेक्षाचे पत्र आले. ११ तारखेला सकाळच्या गाडीने ती छोट्या मल्हारला घेऊन दौंड स्टेशनवर उतरते आहे. हिच्या आईमागे मला ही एकच. नातवाला बारशानंतर पाहिलेले नाही, आता तो आठ महिन्यांचा आहे. त्यांना आणण्यासाठी कार्यशाळेची पांढरी गाडी मागून घेतली. रस्ता लांबचा, थंडी कडक, सोबत तान्हे मूल. म्हणून ती गाडीही नियमाप्रमाणे दोन रात्री चार नंबरमध्ये ठेवून तपासावी, असे लेखी कळवले.

बुधवार, ५ जानेवारी.

कापडाच्या वजनाने समाधान होईना, म्हणून आज पहाटे पावणेसहाला मी स्वतः चार नंबरमधील पांढऱ्या गाडीत बसलो. मागच्या बाकावर, उजव्या कडेला. काचा बंद. हातात विजेरी व घड्याळ.

५.५८. मागच्या काचेवर वाफ. माझा श्वास असणार.
६.१०. श्वास रोखून पाहिला, तीस सेकंद. वाफ वाढत राहिली.
६.२५. डाव्या दाराची काच. ती माझ्यापासून चार फुटांवर आहे. तेथे वाफ थांबून थांबून येत होती. येई, विरे, येई. एका मिनिटात दहा वेळा. माझा श्वास त्या वेळी मिनिटाला बावीस होता.
७.००. पुढची डावी काच. बाकाची गादी दबल्याचा आवाज. ओली लोकर.

सव्वासातपर्यंत बसायचे ठरवले होते, म्हणून बसलो. ठरवले नसते तर बसलो नसतो. मग बाहेर आलो. हौसरावाने मला धरून टपरीपर्यंत नेले.

गुरुवार, ६ जानेवारी.

खोलीवर स्वयंपाकघराची खिडकी आतून पांढरी. स्टोव्ह पेटवलेला नव्हता. थंडी विशेष आहे, हे कारण पुरेसे आहे. काच पुसली. अंघोळ करून आलो तर पुन्हा तशीच, आणि मधोमध चार इंच पुसलेली जागा. मी पुसताना एखादा भाग सुटला असेल, असे म्हणणार होतो. परंतु सुटलेला भाग पांढरा राहतो. हा स्वच्छ होता.

शनिवार, ८ जानेवारी.

इंद्रजीत यांना अपघात झाला. न्हावऱ्याजवळच्या वळणावर गाडी बाभळीवर गेली. वेळ सकाळी आठची, लख्ख ऊन. त्यांची तक्रार मी बंद केली होती. शेऱ्याखाली माझी सही आहे.

रविवार, ९ जानेवारी.

दवाखान्यात जाऊन आलो. उजवा पाय गुडघ्यापासून काढला आहे. मी माफी मागितली. ते रागावले असते तर बरे झाले असते. शांतपणे सांगत होते, की मागची काच, मग डावी, मग पुढची डावी, हे रोजचे झाले होते. काल प्रथमच समोरची काच गेली, एका श्वासात. त्यांनी हाताने पुसली. पुसलेल्या जागेतून रस्ता दिसायला हवा होता. त्यातून कोणीतरी बाहेर पाहत होते, असे ते म्हणाले. बाहेरून आत नव्हे. आतून बाहेर. त्यांच्या शेजारून.

परवा अपेक्षा येते आहे. पांढरी गाडी पाठवायची नाही, हे तेथेच ठरवले.

सोमवार, १० जानेवारी.

हौसरावाला कोंडीत धरले. इंद्रजीतांच्या पायाविषयी सांगितले, अपेक्षाविषयी सांगितले. तो टायरवर बसून रडला. त्याने सांगितले ते येथे जसेच्या तसे नोंदवतो.

गेल्या जानेवारीत एका रविवारी सकाळी तेव्हाचे व्यवस्थापक आणि तो, हीटर बिघडलेली एक गाडी चाचणीसाठी घेऊन निघाले. काच धुरकटलेली. पुसण्यासाठी थांबायला हवे होते, व्यवस्थापक थांबले नाहीत. मेंढरांत गाडी घुसली. तात्याबाला त्यांनी मागच्या बाकावर घातले, दवाखान्यात नेण्यासाठी. वाटेत त्याची हालचाल थांबली. तेव्हा व्यवस्थापकांनी गाडी कार्यशाळेत आणवली, सुटीचा दिवस, चार नंबरमध्ये लावली, काचा चढवल्या, कुलूप घातले, बॅटरीची तारही काढली. अंधार पडल्यावर काय ते पाहू, असे ठरले.

"आमी मेला समजून ठिवला, साहेब," हौसराव म्हणाला. "त्यो सांजपत्तर जिता व्हता."

संध्याकाळी उघडले तेव्हा सर्व काचा आतून पांढऱ्या होत्या आणि तात्याबा पुढच्या बाकावर मरून पडला होता. दोन्ही हात चिरडलेले. दाराची खुंटी वर ओढता येत नव्हती, हॉर्न वाजत नव्हता. मागच्या काचेपासून पुढच्या काचेपर्यंत तो सरकत आला होता आणि कोणी दिसते का हे पाहण्यासाठी प्रत्येक काच त्याने गालाने पुसली होती. दाढीच्या खुंटांच्या रेषा होत्या. मग त्याला रस्त्याकडेला नेऊन ठेवले.

एकेका गाडीला मी स्वतः त्या कोपऱ्यात नेऊन ठेवले. नियम करून.

पोलिसांकडे द्यायचे निवेदन लिहून ठेवले आहे. परवा, अपेक्षा घरी पोहोचल्यावर, देईन. परंतु झुंबरबाईला आजच सांगणे मला भाग वाटले. चिंचेखाली जाऊन सांगितले. तिने हातातला धागा चातीवर गुंडाळला. मग एवढेच विचारले, की त्या कोपऱ्यात, गाडीत, तुम्ही बसला होता का. मी म्हणालो, दीड तास.

"मंग तुमी आता कुणासंगं बसू नगा," ती म्हणाली. "त्येला सोबत गावली हाय."

दुःखाने माणूस काहीही बोलतो. दोष त्या कोपऱ्याचा आहे. तेथे उभ्या न राहिलेल्या वाहनाला भय नाही. उद्या मी स्वतः एसटीने दौंडला जाईन आणि एसटीनेच दोघांना घेऊन येईन.

मंगळवार, ११ जानेवारी. सकाळी ७.५०. दौंड स्थानक.

गाडी वेळेवर आली. मल्हारने भेटताक्षणीच माझी फूटपट्टी तोंडात घातली. अपेक्षाने तीन वेळा विचारले, बाबा, एवढे वाळलात कसे. शिरूरची एसटी लागली आहे. पुढून तिसऱ्या बाकावर बसलो. गाडीत आम्ही धरून सव्वीस माणसे. मी मोजली.

८.२५.

ऊन चांगले वर आले आहे. बहुतेक खिडक्या उघड्या. तरी मागची मोठी काच पांढरी आहे. येतानाच्या एसटीतही होती, पण तेव्हा अंधार व धुके होते. शेवटच्या बाकावर कोणी नाही.

८.३५. चौफुला.

मागून दुसरी खिडकी, डावी. मिनिटाला दहा वेळा.

ही एसटी त्या कोपऱ्यात कधीही उभी नव्हती. कधीही. तेथे बसलो होतो तो फक्त मी—

८.४१.

मागून चौथी. त्या बाकावरची बाई कडेवरचे बाळ घेऊन उठून पुढे आली. बाळाला वास सहन होत नाही म्हणाली, मेंढरांचा. मल्हार माझ्या खांद्यावरून मागे पाहतो आणि हसतो. कोणी हसवावे तसा.

मी दोघांना आणायला आलो नसतो तर—

८.४८.

अपेक्षाला सांगितले, मी मध्येच उतरतो आहे, तू थेट शिरूरला जा, काही झाले तरी माझ्यामागे येऊ नकोस. तिला मी आजारी वाटतो. बाही सोडत नाही. निवेदन तिच्या पिशवीत ठेवले. मल्हारला तिच्याकडे दिले. त्याच्या गालावर ओल होती. एकाच गालावर.

८.५३. दारापाशी उभा आहे.

आमच्या बाकाची काच गेली. पुसलेली जागा आहे. अपेक्षाच्या कानाशी—

कंडक्टरला विनवले. पारगावचा पूल आला, काका, पुलावर गाडी थांबत नाही, पलीकडे उतरवतो, म्हणाला. मी त्याला म्हणालो, आत्ता. पाया पडलो. लोक पाहत आहेत. मी उतरलो की तात्याबा माझ्यामागे उतरेल. उतरलेच पाहिजे. सव्वीस माणसे. मल्हार—

दोरी ओढली कंडक्टरने. घंटा वाजली. वेग कमी होत नाही.

ड्रायव्हर समोरच्या काचेवर हात फिरवतो आहे. आतून. पुन्हा पुसतो. पुन्हा. डोके पुढे घालून त्या जागेतून पाहतो आहे आणि त्याच्या शेजारी, गाल लावून