नमुना ठरेपर्यंत

३ सप्टेंबर
वाळूजच्या कंपनीचा वार्षिक अहवाल आला. हे गेल्यावर यांचे शेअर माझ्या नावावर झाले, तेव्हापासून येतो. हे बावीस वर्षं कामाला होते तिथं. पाकीट उघडताना ग्रीसचा वास येतो असं उगाच वाटतं.
पान चौदा. संचालकांच्या नातेवाइकांशी झालेले व्यवहार : 'सोबतचा तक्ता पाहावा.' तक्ता नाही. दोनदा पानं उलटली.

५ सप्टें.
किसनराव आले, मुकुंदवाडीहून सायकलवर. कंपनीची शिफ्टची बस चालवायचे. निवृत्त झाल्यावर फंडाचे पैसे याच शेअरमध्ये घातले, यांनी सांगितलं म्हणून. आता भाव निम्म्यावर.
"बाई, शेडमागली जागा मालकाच्या मेव्हण्याला दिली म्हणत्यात. खरं हाय का? शेअर विकू का ठेवू?"
तक्ता असता तर वाचून दाखवला असता. कॉन्व्हेंट शाळेतल्या गणिताच्या सिस्टर आठवल्या. उत्तर बरोबर, पण पायऱ्या नाहीत, तर शून्य.

२७ सप्टें.
वार्षिक सभा, कँटीनमध्ये. गेटवर टेबल, टेबलावर कागद. जुने कामगार रांगेनं सही करून आत. जन्मभर गेटवर सही म्हणजे हजेरी, हात आपोआप गेले. मी चष्मा शोधत थांबले म्हणून वाचलं : माझ्या वतीनं अध्यक्षांनी मत द्यावं. सही न करता आत गेले.
किसनराव : "मला वाटलं मस्टर हाय." तोवर समोशाचं खोकं हातात.
उठून विचारलं, तक्ता कुठंय. अध्यक्ष हसले. "वहिनी, अगदी साहेबांवर गेलात, तेही असंच विचारायचे. पाठवतो. चहा झाला का?"
मग 'अहवाल मंजूर?', टाळ्या. विरोधात एक हात, माझा.

१८ नोव्हें.
तक्ता आला नाहीच. सरकारी कार्यालयाला लिहिलं होतं, त्यांचं उत्तर आलं. तक्ता देणं कायद्यानं बंधनकारक आहे, परंतु त्याचा नमुना अद्याप निश्चित न झाल्यानं कारवाई करता येत नाही.
हा कायदा झाला तेव्हा हे होते. कात्रण कापून ठेवलं होतं. "आता सगळं उजेडात येईल बघ." अजून आहे ड्रॉवरमध्ये, पिवळं पडलंय.

२१ नोव्हें.
फुलस्केपवर पट्टीनं रकाने आखले. कुणाला दिलं, नातं काय, काय दिलं, कितीला. समासही सोडला.
किसनराव बघत बसलेले. "सरकारला नमुना तुमी देणार?"
"त्यांना सुचत नाहीये तर."
"लई बेस. शिक्का तेवढा नाय."
रजिस्टर्डनं पाठवला.

१२ डिसें.
पोचपावती आली. सही कुणाची ते लागत नाही. उत्तर नाही.
किसनरावांनी कोऱ्या तक्त्याची एक प्रत घडी घालून खिशात टाकली. "फुडल्या सभेला गेटवरल्या टेबलावर ह्योच ठिवू. खाली लिहायचं, कंपनीनं एवढं भरून द्यावं. समदे सही करत्यात."
म्हटलं, या वेळी वाचून करायची.
"मंग सभा दुपारपतूर जाईल."
म्हटलं, जाऊ दे दुपारपर्यंत.
शेअर त्यांनी अजून विकले नाहीत. 'ठेवा' असं मीही म्हणाले नाही.