पलंगावरची फळी मी नेली आहे

बाबा,

दवाखान्यातून आल्यावर पलंगावर फळी दिसली नाही म्हणून घर डोक्यावर घेऊ नका. मीच नेली. कंबर दुखते म्हणून गादी काढून फळीवर झोपणारे सुतार तुम्हीच! व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला होता. आता गादी घातली आहे. आधी गरम पिशवीने शेका, मग पाठीवर पडून एकेक गुडघा छातीशी घ्या. सावकाश, रंधा मारता तसं. झोपताना कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. आणि दिवसभर लोळू नका, थोडं चाला.

तुमचा अर्धवट राहिलेला शाळेचा दरवाजा मी पुरा केला आणि सकाळी बसवून आले. उचलताना गुडघ्यात वाकले, कमरेत नाही. मोठ्या बाईंनी उघडून-मिटून पाहिला, जराही कुरकुरला नाही. "कोणाच्या हातचा?" म्हणाल्या. मी ताठ मानेने सांगितलं, "बाबांच्या आणि माझ्या."

तुम्ही म्हणता, पोरी, हे काम तुला झेपायचं नाही, कंबर धरेल. धरली ती तुमची, आजोबांच्या कारखान्यातल्या बुटक्या कामाच्या टेबलापायी. आजोबा ठेंगणे, तुम्ही ताडमाड, तरी त्यांची आठवण म्हणून तुम्ही टेबलाचे पाय कधी वाढवले नाहीत. आज मी वाढवले. तुमच्या फळीचे तुकडे खाली ठोकलेत. टेबल आजोबांचंच आहे, फक्त आता वाकावं लागणार नाही.

बरं वाटलं की कारखान्यात या. शेजारी दुसरं टेबल दिसेल, त्याचे पाय कापू नका, वाढवूही नका. ते माझ्या उंचीचं आहे.