डोंगरची मान

३ मार्च, सोमवार
डोंगरच्या उजव्या हाताला स्पर्श कळत नाही!
आज कुस्तीच्या सरावात तो नेहमीसारखा रिंगच्या कोपऱ्यात, दोरांच्या बाहेर उभा होता. मी आतून येऊन त्याच्या तळव्यावर थाप मारली — म्हणजे आता मी बाहेर, तो आत. अठरा वर्षं आमची जोडी याच थापेवर चालली आहे. तो हललाच नाही. पुन्हा मारली.
“मारलीस का रे?” म्हणाला.
कपडे बदलायच्या खोलीत कडी लावून त्याने एक्स-रे दाखवला. मानेचे दोन मणके. आता एकदा जरी डोक्यावर आपटला तर जन्मभर खाटेवर, असं डॉक्टर म्हणाले.
“नऊ तारखेची किताबाची लढत होऊ दे, मास्तर. कुणाला बोलू नकोस.”
“नाही बोलत,” म्हणालो. मी! जखमी माणसाला रिंगमध्ये उतरवणं गुन्हा आहे, असं कुस्ती कंपनीच्या मालकाच्या टेबलावर मूठ आपटून सांगणारा मी!

५ मार्च, बुधवार
वहिनींचा फोन. “भावजी, खरं सांगा. ह्यांची मान बरी आहे ना?”
“ठणठणीत आहे.”
किती सहज! आमचा धंदाच तसा. कोण जिंकणार ते आधी ठरतं. राग खोटा, वैर खोटं. पण रिंगची खालची फळी खरी असते, तिला कथानक कळत नाही — हे वाक्य मी किती सभांत टाळ्या घेत म्हटलं असेल.

७ मार्च
धैर्यावरचे ग्रंथ कपाटभर वाचलेत. आज एकही उघडवला नाही.

९ मार्च, रविवार
त्याला आत येऊच दिलं नाही.
बावीस मिनिटं मी एकटा दोघांशी लढलो. ठरल्याप्रमाणे सातव्या मिनिटाला मी सरपटत कोपऱ्यात जायचं, थाप द्यायची, आणि डोंगरने आत येऊन दोघांना उचलायचं. मी सरपटत गेलो. तो दोरांवरून वाकून हात पसरून उभा. त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर मी वळलो. लोक आधी ओरडले, मग शिव्या देऊ लागले. समोरच्या दोघांपैकी धाकटा माझी मान आवळता आवळता कानात कुजबुजला, “काका, विसरलात का?”
किताब गेला. तो जाणारच होता, तसंच ठरलं होतं. डोंगर पट्ट्या न सोडताच निघून गेला.

१० मार्च
डोंगर एवढंच म्हणाला, “सगळ्यांसमोर माझा हात असा लोंबत ठेवलास.”
मालक मात्र खूश! “काय डोकं चालवलंत! जोडीत फूट! सोळा तारखेला तुम्ही दोघं आमनेसामने. शेवटी तुम्ही त्याला डोक्यावरून उलटं फेकायचं.”
“मी उतरणार नाही.”
“तुमची मर्जी. मग कसाई उतरेल.”
कसाई म्हणजे तो नवा पोरगा. दोन महिन्यांत तिघांची हाडं मोडलीत त्याने, अजाणतेपणी.
डोंगरने होकार देऊन टाकला होता. “पडायचंच तर तुझ्या हातून पडेन. तू मला कधी वाकडं टाकलं नाहीस.”

१३ मार्च, गुरुवार
सामन्याच्या जाहिरातीचा कार्यक्रम. भरलेलं सभागृह, हातात माईक. शब्द मोडला. डोंगरच्या पिशवीतून उचललेला एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि सगळं सांगितलं — मणके, बोटं, डॉक्टर. बावीस मिनिटं मी पाठ का फिरवली तेही. आयुष्यात इतकं खरं कधी बोललो नव्हतो.
लोक उभे राहिले. शिट्ट्या! पाच मिनिटं टाळ्या!
विंगेत मालकाने मिठी मारली. “एक्स-रे कुठून आणलात हो? अगदी अस्सल वाटला!”
“खराच आहे तो.”
“वा! इथेसुद्धा भूमिका सोडत नाही!”
डोंगर भिंतीला टेकून हसत होता. “बोललास, मास्तर. आणि कुणाला पत्ताही नाही.”
अठरा वर्षं याच आवाजात मी लोकांना थापा मारल्या. आता त्यांनी का विश्वास ठेवावा?

१४ मार्च
दुपारी वहिनींकडे गेलो. डोंगर बाहेर गेला होता. उंबऱ्यातच म्हणालो, “वहिनी, मी तुमच्याशी खोटं बोललो.”
त्या भाजी निवडत होत्या. निवडतच राहिल्या. “माहीत आहे. तीन महिने त्यांच्या शर्टाची बटणं मीच लावतेय.”
“मग मला का विचारलंत?”
“माझं ऐकत नाहीत ते. ‘मास्तर काही म्हणाला नाही,’ म्हणतात. दर वेळी तेच. तुम्ही काय म्हणालात त्यांना, भावजी?”
आठवून पाहिलं. मालकाला म्हणालो, लोकांना म्हणालो. त्याला — काहीच नाही.

१५ मार्च, शनिवार
सकाळी त्याच्या स्वयंपाकघरात बसलो. वाक्यं जुळवून नेली होती, एकही आठवलं नाही.
“थांब आता,” म्हणालो.
त्याने दोन्ही हातांनी कप खाली ठेवला.
“बरं.”