खुर्चीवरचा पाय

सोमवार, ३ मार्च
नोकरी लागली! मोज्यांच्या कारखान्यात कामगारांच्या रजा-सुट्ट्यांचा कारभार बघायचा. आईने शेजारीपाजारी सांगूनही टाकलं, जणू मी कारखानाच विकत घेतलाय. साहेब हसत म्हणाले की इथे रजा कुणी घेतच नाही, तुम्ही फक्त खुर्ची उबवा, सहा महिन्यांनी कायम करू. मी मनात म्हटलं, बघाच आता. माझं टेबल जोड्या लावणाऱ्या बायकांच्याच हॉलमध्ये, खिडकीशी. खाली फाटक दिसतं.

बुधवार, ५ मार्च
या बायकांची एक गंमत आहे. कामाच्या वेळेत कुणी पाणी प्यायला उठली, की शेजारीण तिच्या खुर्चीवर पाय टाकून बसते. ती परतली की पाय खाली. जेवणसुद्धा पाळीपाळीने. मी उठले तरी कुणी ना कुणी माझ्या खुर्चीवर पाय टाकतंच. कारण विचारलं तर हसण्यावारी नेतात. चष्म्याला दोरी बांधलेल्या एक मावशी आहेत, त्या तेवढ्या म्हणाल्या की खुर्ची रिकामी दिसली तर भलतंच कुणीतरी येऊन बसतं. मला हसू आवरेना. शिकलेली ना मी!

मंगळवार, ११ मार्च
मावशींच्या लेकीचं बाळंतपण तोंडावर आलंय, तरी बाई रजा मागेना. मीच हात धुऊन मागे लागले. हक्काची रजा आहे, घ्या. शेवटी एका दिवसाला तयार झाल्या, पण अट घातली: त्या दिवशी त्यांच्या खुर्चीत मी बसायचं, काम सुटेपर्यंत उठायचं नाही. शेजारणीचा पाय दिवसभर कसा पुरणार, म्हणाल्या. मी वचन दिलं. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

शुक्रवार, १४ मार्च
आज मावशी रजेवर. माझी खुर्ची एकीने जवळ ओढून तिच्यावर पाय टाकला आणि मी मावशींच्या जागी बसले. दुपारपर्यंत कंबरेचा काटा ढिला झाला. चहाची तल्लफ आली. दुसऱ्या बाजूची पाय टाकायला निघाली होती, मीच नको म्हटलं. ही खुळं मोडायलाच हवीत.
कप घेऊन परतले तर खुर्चीत मावशी. पाठमोऱ्या, दोरी मानेवर. मला वाटलं, बाई गेल्याच नाहीत वाटतं. हाक मारली. मान वळली नाही. हात मात्र भराभर जोड्या लावत होते.

सोमवार, १७ मार्च
आज फाटकातच वॉचमनने थांबवलं. बाहेर मावशी उभ्या, प्रवासाची पिशवी हातात, डोळे सुजलेले. लेकीला मुलगी झाली म्हणत होत्या. घरी गेल्या तर नवऱ्याने आत घेतलं नाही. माझी बायको घरातच आहे, तू कोण, म्हणाला. वॉचमन सांगत होता की मावशी तर मघाशीच वर गेल्या, मी स्वतः आत सोडलं. मावशींनी माझ्याकडे बोट दाखवलं. या मॅडमना विचारा, यांनीच रजा दिली.
साहेब शेजारीच होते. मी वचन मोडून चहाला गेले हे कळलं असतं तर नोकरी —
मी म्हटलं, मी हिला ओळखत नाही.
हिला म्हटलं. अहोजाहोसुद्धा केलं नाही.

बुधवार, १९ मार्च
मावशींच्या खुर्चीतली ती पाणी पीत नाही. जेवायला उठत नाही. साहेब खूश आहेत, अशीच माणसं हवीत म्हणाले. बायका माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या खुर्चीवर पाय टाकायला आता कुणी नाही, मी दिवसभर खिळून बसते. मावशी फाटकाबाहेर पायरीवर बसलेल्या दिसतात. वर बघत नाहीत. बघितलं असतं तर बरं —

शुक्रवार, २१ मार्च
सहन होत नाही. खाली जाते. सांगते की खऱ्या मावशी याच, चूक माझी. शेजारणीला म्हटलं, एवढा पाय ठेव गं. तिने पाय आत ओढून घेतले. तिचं तरी काय चुकलं?
जाते तरीही —

फाटकाबाहेर
मावशी नाहीत. पायरीवर नुसती पिशवी. आत बाळाचे इवलेसे मोजे, जोडी लावलेले.
वॉचमन आत सोडत नाही. म्हणतो, मॅडम वर आहेत. वर पाहिलं. माझ्या खिडकीत कुणीतरी — माझी वेणी, माझा निळा ड्रेस — संध्याकाळी ती घरी जाईल. आई तिला वाढेल —
त्याने तिला खाली बोलावलंय. आली. माझ्याकडे बोट दाखवून विचारतोय, हिला ओळखता का.
ती बघतेय. सांग ना गं. ती —