ब्रेकवरची वीट

वर्कशॉप,
१४ मार्च

प्रिय सूनबाई,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. मी बरी आहे. सकाळी उठताना गुडघा तेवढा कुरकुर करतो. शेजारच्या वेल्डरने पुन्हा एकदा सिगारेट सोडली आहे, त्यामुळे सगळी गल्ली त्याचा ओरडा खाते. तू वेळेवर जेवतेस ना? गावोगाव फिरून लोकांचे डोळे तपासतेस, पण स्वतःचं ताट समोर वाढलेलं असलं तरी तुला दिसत नाही.

आता तुझा प्रश्न. "आई, आपली कॅरॅव्हॅन ट्रकला जोडता येईल का? जमत नसेल तर विकून टाकू." हाताशी फोन असताना एवढ्याशा प्रश्नासाठी तू पत्र लिहिलंस, म्हणून मीही पत्रच लिहिते.

जोडता येते. म्हणजे, आता येते. आधी कामाचं सांगून घेते. कॅरॅव्हॅन आजवर ओढणाऱ्या आपल्या कारची वीज बारा व्होल्टची आणि ट्रकची चोवीसची. कॅरॅव्हॅनमधलं सगळं मुळात बाराचं होतं: मागचे दिवे, आतला पंखा, तुझ्या अक्षरांच्या तक्त्यामागचा दिवा. बाराच्या बल्बला चोवीस दिले की तो क्षणभर लख्ख पेटतो आणि जातो. म्हणून जुन्या तारा उपसून नव्या ओढल्या. मागे असे एलईडी दिवे लावलेत की बारा मिळोत नाहीतर चोवीस, उजेड तेवढाच पडतो. आतल्या सामानासाठी कन्व्हर्टर बसवलाय. ट्रकचे चोवीस त्यात शिरतात आणि बारा होऊन बाहेर पडतात. पुढे दोन प्लग आहेत, एक कारचा, एक ट्रकचा. दोघांचे आकार वेगळे ठेवलेत, म्हणजे घाईत कुणी भलताच प्लग खुपसायला गेलं तरी तो बसणार नाही. घाई कोण करतं, ते तुला ठाऊक आहेच.

कुठला ट्रक, कुणाचा ट्रक, हे मी विचारलं नाही.

विचारायची गरज पडली नाही. मागच्या महिन्यात तू कॅरॅव्हॅन इथे दुरुस्तीला सोडायला आलीस, ती मागे घेत दारातून आत आणलीस, तेव्हा मागचे दिवे नुसते मिणमिणत होते. मला वाटलं, बॅटरी उतरली. तू परत गेल्यावर दिवा उघडला, तर आत चोवीसचा बल्ब! कारच्या बारावर तो बिचारा मिणमिणणार नाहीतर काय करणार? बाकीचे उघडले, तेही तसेच. कार बंद पडली आणि एखाद्या ट्रकवाल्याने एक दिवस ओढून नेलं, तर बल्ब जळलेले सापडतात. हे तर जळल्यावर कुणीतरी नीट, एकूण एक बदललेले होते. म्हणजे ट्रक एका दिवसापुरता आलेला नव्हता.

मग तुझ्या भिंगांच्या कपाटाखाली जाड लोकरी फेल्टच्या पट्ट्या दिसल्या, ट्रकमध्ये काचेच्या तावदानांमध्ये घालतात तशा. भिंगं खुळखुळू नयेत म्हणून कुणीतरी मापाने कापून बसवलेल्या. आणि ट्रकने काचा पोचवणाऱ्या त्या गृहस्थांबद्दल थंडीत दर फोनला तुझं "काचवाले असं म्हणाले, काचवाले तसं म्हणाले" चालायचं, ते एकाएकी बंद झालं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! अगं, तू त्यांच्याबद्दल बोलत राहिली असतीस तर मला काही कळलंसुद्धा नसतं.

तुझ्याशी खोटं कशाला बोलू? तो बल्ब हातात धरून मी कितीतरी वेळ स्टुलावर बसून होते. राग नव्हता आला, पोरी. भीती वाटली. मुलगा गेला तेव्हा मला तू उरलीस. तू दुसरं घर मांडलंस की तू माझी कोण आणि मी कुणाची आई, हेच उमगेना. म्हणून तुझं काम आज-उद्या करत ढकलत राहिले. तुझ्या पत्रातलं "विकून टाकू" वाचलं आणि उठले. त्याने स्वतःच्या हातांनी उभी केलेली गाडी तू विकायला निघालीस, ती दुसऱ्याच्या ट्रकमागे बघून मला वाईट वाटू नये म्हणून. एवढं न समजण्याइतकी मी अजून म्हातारी झाले नाही.

तारा काढताना त्याच्या गाठी सापडल्या. आठवतंय तुला? क्लिपा आणायचा कंटाळा म्हणून पठ्ठ्याने बुटांच्या नाड्यांनी तारा बांधल्या होत्या, आणि दिवसभर सैल बुटांत फटक फटक करत हिंडत होता. किती ओरडले होते मी त्याला. आता त्याच गाठी सोडवताना हसत होते आणि रडतही होते. सगळीकडे क्लिपा लावल्यात. एक नाडी मात्र कपाटामागे तशीच ठेवली आहे. काचवाल्यांना कधी दिसली, तर राहू दे म्हणावं.

कारचा प्लगही मी मुद्दाम ठेवलाय. ट्रक कधी कामावर असेल, कधी तुमचं भांडण झालेलं असेल, कधी उगाच इकडची आठवण येईल. तेव्हा कार जोडायची आणि निघून यायचं. कारण सांगत बसायचं नाही.

आता एक काम राहिलंय. गाडी जोडली की दिवे तपासायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून ओरडायचं. तो आत असायचा, मी मागे: "डावा लागला! उजवा लागला! ब्रेक दाब!" तो मुद्दाम दाबायचा नाही. मी चिडून शिव्या घालायला लागले की मग दाबायचा. तो गेल्यापासून मी ब्रेकवर वीट ठेवते आणि मागे जाऊन बघते. वीट गुणाची आहे. सांगितलं तेवढं करते, चेष्टा करत नाही. म्हणूनच मला ती डोळ्यांसमोर नको असते.

कारचा प्लग वर्कशॉपमधल्या एका कारला जोडून त्या विटेनेच तपासला. ट्रकचा राहिलाय, कारण माझ्याकडे ट्रक नाही. तो घेऊन ये, आणि चालवणाऱ्यालाही आण. काच वाहणारा माणूस खड्डे बघून गाडी हाकतो, एवढी शिफारस मला पुरे. त्यांना आत ब्रेकवर बसव आणि तू माझ्याजवळ मागे उभी राहा. पहिल्या हाकेला त्यांनी ब्रेक नाही दाबला तरी मी रागावणार नाही. वीट मी दार मिटू नये म्हणून खाली लावून टाकली आहे.

दार उघडंच आहे.

तुझी,
आई