मत मागायचं राहिलं

३ जानेवारी, शनिवार

कुकर! मी पेनाची निब मागितली होती. ती गेली दुसऱ्याच अपक्षाला, आणि महापालिकेच्या निवडणुकीत माझं चिन्ह — प्रेशर कुकर. घरी आले तर सलिल दारातच उभा. "बरोबर दिलंय. बावीस वर्षं बातम्याच शिजवल्यास." एवढं बोलून गेला, आणि थोड्या वेळाने बघते तर माळ्यावरचा जुना कुकर काढून चिंचेने घासत बसलाय. प्रचारात मिरवायला! नवऱ्यावर असा अधूनमधून जीव जडतो — काय करणार?

५ जानेवारी

प्रचाराचा पहिला दिवस. सोबत नाजिमा. तिचं वारज्यात शिवणकामाचं दुकान आहे, आणि जिभेला कात्रीपेक्षा जास्त धार. म्हणून तीच प्रचारप्रमुख.

घराघरांत बसले. लिफ्ट दिवाळीपासून बंद, टँकर अवेळी येतो, कोपऱ्यावरचा दिवा जळत नाही — सगळं ऐकलं, खोदून विचारलं, आभार मानले, उठले. जिन्यात नाजिमाने अडवलं.

"मत मागितलंस?"

राहिलं!

"पुढच्या घरात माग."

पुढच्या घरातही राहिलं. तिने जिन्यातच कपाळावर हात मारला. "तनुजा, तू उमेदवार आहेस गं, वार्ताहर नाहीस! बातमी मिळाली की निघतेस चप्पल घालून!"

सवय. दुसरं काय!

६ जानेवारी

गावठाणातल्या मंडईत गेलो. मुक्ताबाई मेथीच्या जुड्या लावत होत्या. या दत्तोबांच्या चुलतबहीण. दत्तोबा म्हणजे वारजे गाव असतानाचे सरपंच; आमची सोसायटी उभी आहे ती जमीनही त्यांचीच होती. महिलांच्या जागेवर माझ्याविरुद्ध उभी आहे ती त्यांचीच सून, अक्षता.

मी तोंड उघडायच्या आतच मुक्ताबाई म्हणाल्या, "मत अक्षताला. आधीच सांगते, उगा आशा नको. भावकी हाय. तू च्या घे."

इतकी हसले! बसले मग तिथेच गोणपाटावर. मागच्या बाजूला बायकांचं स्वच्छतागृह — फीत कापून झालीय, पाटी झळकतेय, दाराला अजूनही कुलूप. मग दिवसभर काय करता, म्हणून विचारलं.

"काय करनार? सकाळधरनं पाणीच पीत नाय आमी."

मग बोलतच राहिल्या. शेजारच्या दोघी-तिघीही सरकून जवळ आल्या. निघताना मुक्ताबाई म्हणाल्या, "इतकी वर्सं हितं बसते, पण हे कुनी इचारलं नव्हतं."

इथे तर मत मागायची सोयच नव्हती!

८ जानेवारी

दुपारी संपादकांचा फोन. "पाय दुखतात का?" एवढंच विचारलं. राजीनामा दिला तेव्हा म्हणाले होते, "अर्ज भरलात की इथली खुर्ची संपली. परत बातमी लिहिलीत तर कोण विश्वास ठेवेल?" बरोबरच आहे. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हणाले असते.

मंडईतल्या स्वच्छतागृहाच्या त्या कुलपाबद्दल मी कितीदा लिहिलं. दर वेळी उत्तर एकच — लवकरच. विचारून विचारून थकले, म्हणून वाटलं, आता उत्तर देणाऱ्या खुर्चीतच जाऊन बसावं. पण पडले तर? मग ना इकडची ना तिकडची. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, कुणाला काहीही विचारायचा अधिकार नसलेली बाई.

हे सलिलला सांगितलेलं नाही. त्याला कळलंय बहुतेक. आज न सांगता चहा आणून दिला.

१० जानेवारी

आज मत मागितलं! एका आजोबांकडे — स्पष्ट, हात जोडून, घाबरत. ते मुलीकडे पाहुणे आलेत. मत साताऱ्याला.

१३ जानेवारी

प्रचार संपला. शेवटच्या फेरीत नाजिमाने पळीने कुकर इतका बडवला की त्याला पोचा आला. समोरून अक्षताची फेरी — ढोल, ताशे, ट्रॅक्टर. आम्ही पंधरा बायका आणि एक कुकर!

ती गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली. "काकू, तुमच्या बातम्या मामंजी मोठ्यांदा वाचून दाखवायचे. शिव्या देत देत. पण वाचायचे हं!" आणि वाकून नमस्कार केला.

गोड पोरगी आहे. वैतागच!

१४ जानेवारी, संक्रांत

आज मत मागायला कायद्यानेच बंदी. किती हलकं वाटतंय! तिळगूळ घेऊन मंडईत गेले. मुक्ताबाईंनी माझ्या तळहातावर लाडू ठेवला. "गोड बोल. मत अक्षतालाच."

"ठाऊक आहे हो मावशी."

"मग आलीस कशाला?"

"लाडू खायला."

खूश झाल्या. मीही.

१५ जानेवारी

मतदान केलं. यंत्रावर स्वतःचं नाव पाहिलं आणि आधी छपाईत चूक नाही ना ते तपासलं. मग बटण दाबलं.

१६ जानेवारी

पडले.

नाजिमा रडली, आणि मी जवळ घेतलं तर मलाच ओरडली, "रडतंय कोण!" अक्षताची मिरवणूक खालून गेली. गुलालात नखशिखांत बुडालेली. तिने वर पाहून हात हलवला. मीही हलवला — मनापासून, खरंच.

सलिलने पोचा आलेल्या कुकरात वरणभात लावला. "तीन शिट्ट्या आल्या. तुझ्यापेक्षा जास्त आवाज केला याने." पोटभर जेवलो. हसलोही.

पण उद्या सकाळी उठून जायचं कुठे?

१९ जानेवारी

सकाळी बेल वाजली. दारात मुक्ताबाई, मागे मंडईतल्या चार बायका.

"मत तुला नाय दिलं," आत येत म्हणाल्या.

"ठाऊक आहे."

"पर आता अक्षताला त्या कुलपाचं इचारायचं हाय, आन् ती आमचीच सून. भांडता येत नाय, गप बी बसवत नाय. कसं इचारायचं ते शिकव."

मी खुर्ची पुढे ओढली. "बसा. पहिला प्रश्न असा करू या—"

"थांब की!" मुक्ताबाई म्हणाल्या. "प्रश्न आमी सांगतो. तू फकस्त नीट कर."