खडकवाडी नावाचा ग्रह

९ ऑक्टोबर १९९७
बीडहून आणलेल्या सेकंडहँड कंप्युटरवर आपल्या नेकनूरच्या किराणा दुकानाचा हिशोब ठेवायचा, असं ठरलं होतं. आत अवकाशयुद्धाचा गेम निघाला. हिशोब उद्यापासून.

११ ऑक्टोबर, दसरा
परत जिंकलो. कंप्युटर लई येडा हाय! मुख्य ठाणं उघडं टाकून सगळी जहाजं कुठल्यातरी लांबच्या ग्रहावर धाडतो. तिथं ना माणूस, ना खाण. झेंडा लावून खुश. तोवर मी त्याचं घर घेतो. बायकोला, शिवकांताला, सगळं समजावलं. सोनं वाटायला निघाली होती बिचारी, उभ्यानंच ऐकलं. बायकांना युद्धातलं कळत न्हाई.

१२ ऑक्टोबर
वडलांनी, अप्पांनी, सुनावलं. समोरच्या दुकानवाल्या पंडितनं निम्मी गिऱ्हाइकं ओढली. पाडव्यापर्यंत परत आणली न्हाईत तर केदारनाथ, तू गल्ल्यावरून ऊठ, म्हणले. माझा गल्ला! आता युद्धच.

१४ ऑक्टोबर
टेहळणीला खडकवाडीला गेलतो. बाप रे, काय गर्दी! चौकात ट्रक, बायामाणसं, पोरं, शेरडं, गाठोडी. आणि गावातल्या एकुलत्या दुकानाला कुलूप! इथंच ब्रँच काढायची.

१५ ऑक्टोबर
अप्पांना प्लॅन सांगितला. म्हणले, दसरा झालाय, ध्यानात हाय का? हाय की, म्हणलं, तुमाला सोनं देऊन पाया पडलो ना. अप्पा कपाळाला हात लावून आत गेले. विसराळू झालेत.

१८ ऑक्टोबर
जवळजवळ सगळा माल टेंपोत भरला. नेकनूरच्या दुकानात शिवकांताला बसवलं. घाबरू नको, म्हणलं. मी कावून घाबरू, म्हणाली.

२० ऑक्टोबर
नारळ फोडला. गिऱ्हाईक एकच, वत्सलाबाई नावाची म्हातारी. तंबाखूची पुडी. म्हणाली, समदं गाव ऊसतोडीला कारखान्यावर गेलं, आता उन्हाळ्यात येतंय. ते ट्रक त्याचेच होते म्हणे. असो. कॉम्पिटिशन तर शून्य हाय!

२३ ऑक्टोबर
पंडितचा टेंपो आला! मी इथं आलो म्हणजे काहीतरी असणारच, म्हणून नेकनूरचं दुकान बंद करून माझ्यासमोर मांडलं. घाबरलाय बेटा. वत्सलाबाई कुणाकडं जाते, यावर सगळं ठरणार.

२६ ऑक्टोबर
वत्सलाबाई लेकीकडं गेली.

१ नोव्हेंबर, पाडवा
नेकनूरला आलो. दुकानापुढं ही गर्दी! आमची गिऱ्हाइकं, पंडितची गिऱ्हाइकं, सगळी. पंडित गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी शिवकांतानं बीडहून नवा माल उतरवला म्हणे. अप्पांनी तिलाच गल्ल्यावर बसवून पूजा केली. गेम पुसला. कंप्युटरवर आता तिचा हिशोब. मला खडकवाडीचा माल राखायला परत जायचंय.

हे सुचलं कसं, विचारलं. म्हणाली, तुमीच दसऱ्याला शिकवलं की, शत्रू रिकाम्या ग्रहावर गेला की त्याचं घर घ्यायचं.

शत्रू म्हणजे पंडितच ना, असं मी दोनदा विचारलं. गिऱ्हाईक लई होतं. ती साखर जोखत राहिली.